शंभरास एक उणें

इसवी सन ६२८ मध्यें मक्केच्या वेशीबाहेर हुदैबिया ह्या ठिकाणीं एका तहाचा मसुदा लिहिला जात होता. एका बाजूस मदिनेहून यात्रेच्या हेतूनें आलेले महंमद पैगंबर व त्यांचे सुमारें १४०० अनुयायी. दुसऱ्या बाजूस त्यांना नगरांत पाऊल टाकूं न देण्याचा निश्चय केलेले कुरैश. लेखणी अलींच्या हातीं होती. 'अल्ला' ह्या नामास 'रहमान' व 'रहीम' हीं दोन दयावाचक नामें जोडून लेखास आरंभ करावा, असें पैगंबरांनीं सांगितलें. कुरैशांचा वकील सुहैल बिन अम्र ह्यानें तेथेंच हरकत घेतली. रहमान म्हणून कोणी आहे हें आपणांस ठाऊक नाहीं. पूर्वापार रीतीप्रमाणें एकट्या अल्लाचें नांव घालावें, असा त्याचा आग्रह. अनुयायी खवळले, परंतु पैगंबरांनीं तें मान्य केलें आणि जुन्या रीतीचाच मायना घातला गेला. पुढें 'अल्लाचा प्रेषित' ह्या पदावरही सुहैलनें हरकत घेतली, आणि त्या जागीं 'अब्दुल्लाचा पुत्र महंमद' असें लिहिलें गेलें.

ह्या प्रसंगांत इतिहासकारांना मुत्सद्देगिरी दिसते, आणि ती त्यांत आहेच. पण ज्या शब्दावर तंटा झाला तो शब्द 'अल्ला' नव्हता, ही गोष्ट आपल्यापैकीं पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. अल्ला हें नांव कुरैशांच्या नित्य तोंडांतलें होतें. खुद्द पैगंबरांच्या पित्याच्या, अब्दुल्लाच्या, नांवांत तें इस्लामपूर्व काळींच गोंविलेलें आहे. पृथ्वी व आकाश कोणीं निर्मिलें असें मूर्तिपूजकांस विचारल्यास तेही अल्लाचेंच नांव घेतील, असें कुराणच सांगतें. नवें होतें तें हें कीं, त्याला भागीदार नाहींत, कन्या नाहींत, मध्यस्थ नाहींत. 'रहमान'ची गोष्ट वेगळी. दक्षिण अरबस्तानांतील, म्हणजे आजच्या यमनमधील, चौथ्या ते सहाव्या शतकांतल्या शिलालेखांत ज्यू व ख्रिस्ती हे दोघेही आपल्या एकमेव ईश्वरास 'रहमानन' म्हणतांना दिसतात. मक्केच्या व्यापाऱ्यांच्या कानास हें नांव परकें लागलें असल्यास नवल नाहीं. दोन नांवें म्हणजे दोन देव कीं काय, ह्या शंकेस कुराणाच्या सतराव्या अध्यायांत उत्तर आहे. त्याचा आशय असा कीं, अल्ला म्हणून हांक मारा वा रहमान म्हणून मारा. सर्व सुंदर नामें त्याचींच आहेत.

एवढें स्पष्ट उत्तर मिळाल्यावर नांवाचा तंटा कायमचा मिटावयास हवा होता. तो मिटला नाहीं. दहाव्या शतकांत सादिया गाओन ह्या ज्यू धर्मगुरूनें आपल्या धर्मग्रंथाचें अरबी भाषांतर केलें तेव्हां त्यानें ईश्वरासाठीं 'अल्ला' हाच शब्द योजला. अरबी बोलणारे ख्रिस्ती आजही तोच शब्द प्रार्थनेंत उच्चारतात, आणि माल्टा बेटावरचे रोमन कॅथलिक तर आपल्या देवास 'अल्ला' ह्यावांचून दुसरें नांवच जाणत नाहींत. असें असतां मलेशियांत एका कॅथलिक साप्ताहिकानें आपल्या मलय आवृत्तींत हा शब्द वापरावा कीं नाहीं ह्यावर न्यायालयांत खटला उभा राहिला. २००९ मध्यें उच्च न्यायालयानें परवानगी दिली, त्यापाठोपाठ कांहीं चर्चवर जाळपोळीचे हल्ले झाले, २०१३ मध्यें अपिलांत ती परवानगी रद्द झाली, आणि २०१४ मध्यें सर्वोच्च पीठानेंही दाद दिली नाहीं. २०२१ मध्यें दुसऱ्या एका दाव्यांत १९८६ ची जुनी बंदीच बेकायदेशीर ठरली, व २०२३ मध्यें सरकारनें आपलें अपील मागें घेतलें. पाकिस्तानांतही गेल्या शतकाच्या अखेरीस निरोप घेतांना फारसी 'खुदा हाफिज' म्हणावें कीं अरबी 'अल्ला हाफिज', ह्यावरून वाद रंगला. हुदैबियाच्या तहापासून ह्या प्रकरणांपर्यंत चौदा शतकें लोटलीं; परंतु नांव ही आपली मिळकत आहे आणि तिच्यावर कुंपण घालतां येतें, ही समजूत दोन्ही ठिकाणीं सारखीच आहे. फरक इतकाच कीं, पूर्वीं नव्या नांवास हरकत घेणारे परपक्षाचे होते आणि आतां कुंपण घालणारे स्वपक्षाचे आहेत.

ईश्वराचें नांव ही मिळकत नव्हे तर काय आहे? तें त्याचें वर्णन आहे? कीं तें घेणाऱ्यावर पडणारें एक बंधन आहे? इस्लामच्या पंडितांनीं ह्या प्रश्नाचा जेवढा कीस काढला तेवढा फार थोड्या धर्मांत निघाला असेल. आणि तो कीस आम्हां नामधारकांच्या, नामस्मरणावर शेंकडों वर्षें पोसलेल्या महाराष्ट्राच्या, ओळखीचा असावा तितका नाहीं.

अल्लाचीं नव्याण्णव नामें आहेत, 'शंभरास एक उणें', आणि जो तीं मोजील तो स्वर्गांत जाईल, असें एक वचन अबू हुरैरा ह्यांच्या परंपरेनें आलेलें असून बुखारी व मुस्लिम ह्या दोन्ही प्रमाणभूत संग्रहांत तें आहे. शंभर कां नाहींत? तर ईश्वर एक, विषम आहे व त्याला विषमसंख्या प्रिय आहे, असें त्या वचनांतच कारण दिलेलें आढळतें. आमचीं एकशें आठ वा सहस्र नामें पूर्णतेकडे धांवतात. हें गणित मुद्दाम एका पावलावर थांबतें. मौज अशी कीं, ह्या दोन संग्रहांत नुसती संख्या आहे, यादी नाहीं. यादी सांपडते ती तिर्मिझीच्या संग्रहांत, आणि तीही अशा शेऱ्यासह कीं हें कथन एकाकी वाटेनें आलेलें आहे. इब्न माजाच्या संग्रहांतली यादी तिच्याशीं पूर्ण जुळत नाहीं. म्हणून कित्येक पंडितांनीं यादी ही पैगंबरांची नसून मागाहून कोणी कथनकारानें कुराणांतून वेंचून जोडली असावी असें मानलें, आणि कित्येकांनीं कुराण पुन्हा चाळून आपल्या स्वतंत्र याद्या केल्या. 'मोजील' ह्या क्रियापदावरही खल झाला. मोजणें म्हणजे पाठ करणें, असें एक मत. अर्थ जाणणें, असें दुसरें. त्या नांवाप्रमाणें वागण्याची शक्ति अंगीं आणणें, असें तिसरें. जपमाळेचे मणी नव्याण्णव वा तेहतीस असतात व ते भराभर सरकवितां येतात. तिसरा अर्थ धरला तर एका मण्यास जन्म पुरत नाहीं.

पण वागण्याकडे वळण्यापूर्वीं तत्त्वज्ञांची अडचण पाहिली पाहिजे. अल्ला सर्व जाणतो, ऐकतो, पाहतो, बोलतो असें म्हटलें कीं ज्ञान, श्रवण, दर्शन, वाणी हे गुण त्याच्या ठिकाणीं मानावे लागतात. हे गुण अनादि आहेत काय? असतील तर एका अनादि ईश्वराशेजारीं आपण आणखी अनेक अनादि वस्तू उभ्या केल्या, आणि एकेश्वरवाद मागल्या दारानें निघून गेला. ही शंका मुतझिला पंथाच्या बुद्धिवाद्यांची. त्यांनीं गुण वेगळे मानण्याचेंच नाकारलें. ईश्वर आपल्या स्वरूपानेंच ज्ञाता आहे, ज्ञान नांवाच्या निराळ्या गुणानें नव्हे, असें ते म्हणत. हा वाद निव्वळ मठांतला राहिला असता तर बरें होतें. परंतु ८३३ मध्यें अब्बासी खलीफा मामून ह्यानें, ईश्वराची वाणी म्हणजे कुराण हें अनादि नसून निर्मित आहे, हें मत काजींकडून व पंडितांकडून कबूल करून घेण्याची चौकशी सुरू केली. अहमद बिन हंबल ह्यांनीं कबुली दिली नाहीं. मामूनच्या भावाच्या, मुतसिमच्या, कारकीर्दींत त्यांना फटके मारण्यांत आले. बुद्धीचा कैवार घेणाऱ्यांनीं चाबूक हातीं घेतला, हा त्या पंथास लागलेला डाग पुसला गेला नाहीं. पुढें अबुल हसन अल-अशअरी, जे स्वतः आधीं मुतझिलाच होते, त्यांनीं मधला मार्ग काढला : गुण हे ईश्वरही नव्हेत व ईश्वराहून भिन्नही नव्हेत, ते आहेत, पण 'कसे' हें विचारूं नये. त्याच्यासारखें कांहींच नाहीं, असें कुराण म्हणतें, आणि त्याच श्वासांत तो ऐकणारा व पाहणारा आहे असेंही म्हणतें. हीं दोन्ही विधानें अशअरींनीं हातांत घट्ट धरून ठेवलीं. कोणी ह्यास पळवाट म्हणेल. आमच्या 'नेति नेति'च्या जवळपास राहणाऱ्या वाचकास ती तितकीशी वाटणार नाहीं.

खरा नैतिक प्रश्न मात्र अबू हामिद अल-गझाली ह्यांनीं (१०५८–११११) हातीं घेतला. बगदादच्या निझामिया विद्यालयांतील अध्यापकाचें मानाचें पद १०९५ मध्यें सोडून ते बाहेर पडले, ही कथा प्रसिद्ध आहे. ईश्वराच्या सुंदर नामांवर त्यांनीं एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला, व त्यांत प्रत्येक नामाचा अर्थ सांगून झाल्यावर त्या नामांत मनुष्याचा वांटा कोणता, हें सांगितलें. ही पद्धति मला फार मोलाची वाटते. भाष्यकार सामान्यतः नाम ईश्वराकडून आपल्याकडे आणतो व तेथें आपण हात जोडून मोकळे होतों. गझाली विचारतात : तो क्षमाशील आहे हें तूं रोज म्हणतोस, मग शेजाऱ्याच्या ज्या दोषावर पांघरूण घालणें तुझ्या हातीं होतें त्याचें तूं काय केलेंस? 'गफ्फार' ह्या शब्दांतच झांकण्याचा अर्थ आहे. नाम उच्चारणें म्हणजे तें आपल्यावर लागू करून घेणें.

तर मग सर्वच नामें मनुष्यानें अंगीं बाणवावयाचीं काय? येथें खरी अडचण आहे. यादींत 'रहीम' व 'करीम' आहेत तसेच 'जब्बार' म्हणजे सर्वांवर सक्ति चालविणारा, 'कहार' म्हणजे दडपून टाकणारा, 'मुतकब्बिर' म्हणजे अहंता मिरविणारा, आणि 'मुंतकिम' म्हणजे सूड घेणाराही आहे. जी अहंता ईश्वराच्या ठिकाणीं सत्य आहे तीच मनुष्याच्या ठिकाणीं महापाप. कारण तो मोठा आहेच, आणि आपण नाहीं. जुलमी राजांनीं ह्याच नामांचा आधार घेतला असता तर त्यांना कोण अडविणार होतें? सूडाच्या नामापाशीं गझाली ही तलवार मोठ्या चतुराईनें आंत वळवितात. मनुष्यानें सूड अवश्य घ्यावा, पण ईश्वराच्या शत्रूवर. आणि सर्वांत मोठा शत्रु म्हणजे ज्याचा त्याचा स्वतःचा विकार. उदाहरण देतात तें अबू यझीद ह्या साधूचें. एका रात्रीं उपासनेंत आळस झाला म्हणून त्यानें आपल्या देहाला वर्षभर पाण्यापासून वंचित करण्याची शिक्षा दिली. उदाहरण अतिशयोक्त आहे, आणि मला तें आवडत नाहीं. पण त्यानें सूडाला जी दिशा दिली ती बरोबर आहे. दुसऱ्यावर चालवितां येणारें नाम मनुष्याच्या हातीं येतांच तें त्याच्या स्वतःवरच चालवावयाचें, हा तो दंडक.

'जब्बार'ची कथा आणखी रोचक आहे. ज्या धातूपासून हा शब्द निघाला त्याचा एक अर्थ सक्ति, आणि दुसरा मोडलेलें हाड बसविणें. अल-ख्वारिझ्मी ह्या नवव्या शतकांतल्या गणितज्ञाच्या ग्रंथावरून युरोपीय भाषांत बीजगणितास जें नांव पडलें तें 'अल-जब्र' ह्याच धातूचें. समीकरणांत जें वजा आहे तें भरून काढून जोडणें म्हणजे जब्र. म्हणून कांहीं भाष्यकारांनीं 'जब्बार' म्हणजे मोडलेल्यांस सांधणारा, असाही अर्थ दिला आहे. वैद्यानें हाड बसवितांना सक्ति लागतेच. पण सक्ति म्हणून कोणी हाड बसवीत नाहीं.

आणि म्हणूनच कित्येक आचार्यांनीं असा नियम सांगितला कीं, कांहीं नामें एकटीं उच्चारूं नयेत. 'संकोच करणारा' म्हटलें कीं लागलेंच 'विस्तार करणारा' म्हणावें. 'खालीं आणणारा' म्हटलें कीं 'वर नेणारा'. 'हानि करणारा' ह्याच्या जोडीस 'लाभ देणारा'. अर्धें नांव घेणें म्हणजे ईश्वराबद्दल अर्धसत्य बोलणें. आपल्याकडे क्रुद्ध उपदेशकांची जी जात सर्व धर्मांत आढळते, तिचा धंदा ह्या अर्ध्या नांवांवरच चालतो.

दयेच्या नामापाशीं मात्र असा तोल लागत नाहीं. कुराणाच्या ११४ अध्यायांपैकीं ११३ अध्यायांचा आरंभ रहमान व रहीम ह्या जोडीनें होतो. दोन्ही नामें दयेचींच, दुसऱ्या पारड्यांत कांहीं नाहीं. ह्यांचा धातु व मातेच्या गर्भाशयाचें अरबी नांव एकच. ईश्वर म्हणतो कीं गर्भाचें नातें मीं निर्माण केलें व त्याला माझ्या नामांतून नांव दिलें, जो हें नातें जोडील त्याला मी जोडीन व जो तोडील त्याला मी तोडीन, असें वचन हदीसग्रंथांत आहे. भाऊबंदकीनें पोखरलेल्या समाजास, मग तो अरबांचा असो कीं आमचा, ह्यापेक्षां कठोर वचन कोणतें सांगावें? वांटणीच्या खटल्यांत सख्ख्या बहिणीचा हिस्सा बुडवून नंतर माळेवर 'या रहमान' म्हणणाऱ्यास हा धातु माहीत नसतो, किंवा माहीत असूनही आठवत नाहीं.

रहमानच्या जगांत दुःख कां, हा प्रश्न गझालींनाही टाळतां आला नाहीं. त्यांचें उत्तर असें : मुलास रक्तमोक्षाची तुंबडी लावावयाची असते तेव्हां आई त्याला कवटाळून नको म्हणते आणि बाप बळेंच लावतो, अडाणी मनुष्य आईस दयाळू समजतो, शहाण्यास बापाची दया पूर्ण दिसते. दृष्टांत चतुर आहे, परंतु समाधान करीत नाहीं. तुंबडीनें मूल बरें होतें, म्हणून तो दृष्टांत टिकतो. जें मूल बरें होत नाहीं त्याच्या आईपुढें हा बाप कोणत्या तोंडानें उभा राहणार? ह्यापेक्षां मला ती हदीस अधिक खरी वाटते. युद्धांत धरून आणलेली एक स्त्री आपल्या हरवलेल्या तान्ह्यास शोधीत फिरत होती. मूल सांपडतांच तिनें त्यास उराशीं धरलें. ही आई आपल्या मुलास आगींत टाकील काय, असें पैगंबरांनीं सोबत्यांस विचारलें. नाहीं, ते म्हणाले. तर ईश्वर आपल्या दासांवर हिच्याहून अधिक दयाळू आहे, असें त्यांनीं सांगितलें. येथें कारण दिलेलें नाहीं, कोडें सुटलेलें नाहीं. फक्त माप दिलें आहे, आणि तें बापाचें नसून आईचें आहे.

नाम स्वतःवर घेण्याची एक सीमा मन्सूर हल्लाज ह्यांनीं ओलांडली, अशी त्यांच्या काळच्या काजींची समजूत. 'हक्क', म्हणजे सत्य, हें त्या नव्याण्णवांतील एक नाम. तेंच मी आहें, असा त्यांचा उद्गार परंपरेनें प्रसिद्ध आहे. ९२२ मध्यें बगदादेंत त्यांचा देहान्त शिक्षेनें झाला. त्यामागें दरबारी राजकारणही पुष्कळ होतें. 'अहं ब्रह्मास्मि' म्हणणाऱ्यास आमच्याकडे आचार्यपद मिळालें असतें, असें आपण अभिमानानें म्हणतों. पण तें म्हणणारा कोणत्या जातीचा होता हें आमच्याकडेही आधीं विचारलें गेलें असतें, हें सांगावयास हवें.

सामान्य मुसलमान कुटुंबांनीं ही सीमा एका लहानशा शब्दानें राखिली आहे. 'अब्द' म्हणजे दास. मुलाचें नांव रहमान ठेवावयाचें नाहीं, अब्दुल रहमान ठेवावयाचें. कारण रहमान हें एकट्या ईश्वराचें. अब्दुल गफ्फार, अब्दुल रझ्झाक, अब्दुल जब्बार : पाळण्यांतल्या बाळास सक्तीचें नांव दिलें तरी तें त्या सक्तीचा धनी होत नाहीं, दास होतो. आपण शेजारीपाजारी मात्र सोयीसाठीं नांव मधोमध तोडतों. कोणास नुसतें 'जब्बार' म्हणून देवाच्या जागीं बसवितों, तर कोणास नुसतें 'अब्दुल' म्हणून हांक मारतों, म्हणजे 'अमक्याचा दास' इतकेंच म्हणून त्या अमक्यास गाळतों. पहिल्यानें दास गळतो, दुसऱ्यानें देव.

ह्या नामांपैकीं कित्येक आपल्याच जिभेवर आहेत, हें मराठी माणसास सहसा सुचत नाहीं. बहामनी व आदिलशाही दरबारांतून फारसीच्या द्वारें तीं आमच्या कचेरींत शिरलीं. शिवछत्रपतींनीं राज्यव्यवहारकोश करवून फारसी-अरबी शब्दांस संस्कृत पर्याय योजले. तरीही हे शब्द राहिले ते राहिलेच. वडिलांच्या मागें जमिनीवर हक्क सांगण्यास वारस वकिलाकडे जातो, जाहीर नोटीस देतो आणि अखेर हिशेब मागतो. त्या एका वाक्यांत 'अल-हक्क', 'अल-वारिस', 'अल-वकील', 'अझ-झाहिर', 'अल-आखिर' व 'अल-हसीब' ह्या सहा नामांचे शब्द वा धातु येऊन गेले. वकील म्हणजे ज्याच्यावर आपलें सर्व सोंपवून निश्चिंत व्हावें तो. वारस म्हणजे सर्व मालक गेल्यावर ज्याच्याकडे सर्व परत जातें तो. हीं नामें कचेरींत येतांना त्यांतला दुसरा अर्थ उंबऱ्याबाहेर राहिला.

तिर्मिझीच्या यादींतलें नव्याण्णवावें, शेवटचें नाम 'सबूर' आहे. आपल्या 'सबुरी'चा धातु तोच. हें नाम ईश्वरासाठीं कुराणांत कोठेंही आलेलें नाहीं, म्हणून यादीबद्दल शंका घेणारे त्याकडे बोट दाखवितात. परंतु बुखारींत एक हदीस आहे, आणि ह्या नामाचा आधार तींत सांपडतो. तिचा आशय असा कीं, कानांवर पडलेला अपशब्द सोसण्यांत अल्लाहून अधिक धीराचा कोणी नाहीं. लोक त्याच्याविषयीं जें बोलूं नये तें बोलतात, त्याला पुत्र चिकटवितात, आणि तो त्यांना आरोग्य देतो व रोजची भाकर देतो.